दूरशिक्षण : टपालाने गेलेली वही परत येते तेव्हा

दांडियाबाजारची (धागाकर्ती), रविवार, रात्री १०.१५

आई जाऊन दोन वर्षं झाली. तिचं गोदरेजचं कपाट आवरायला आज मुहूर्त लागला. खालच्या खणात, जुन्या पातळांच्या घडीखाली एक खादीची पिशवी निघाली आणि तिच्यात खाकी पाकिटं. मोजली तर बावीस भरली. प्रत्येकावर मुंबईचा शिक्का आणि आमच्या बडोद्याच्या वाड्याचा जुना पत्ता.

आईचं शिक्षण लग्नामुळे अर्धवट राहिलं होतं. सासर मोठं, दोन्ही वेळेला बारा पानं वाढायची. १९७४ साली, मी चौथीत असताना, तिने मुंबईहून पत्राद्वारे बी.ए. करायला घेतलं. रात्री ओटा धुऊन झाला की पाट टाकून लिहायला बसायची. सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स यायच्या, त्यांची शाई बोटांना लागायची. उत्तरं लिहून झाली की रावपुऱ्याच्या पोस्टात टाकायची, आणि मग सुरू व्हायची पोस्टमनची वाट. नोट्सचं जाडजूड पाकीट आलं तर ती ते बाजूला ठेवून द्यायची. तपासलेल्या उत्तरांचं पातळ पाकीट आलं की मात्र हातातलं काम टाकून उभ्याउभ्या फोडायची.

त्यातलं एक उत्तर समोर घेऊन बसले आहे. प्रश्न आगरकरांच्या स्त्रीशिक्षणविषयक विचारांवरचा. आईने नोट्समधलं जवळजवळ जसंच्या तसं उतरवलंय. खाली लाल शाईत कुणीतरी लिहिलंय : "हे पुस्तकातले झाले. तुम्हाला काय वाटते?" पुढच्या पाकिटात आईचं दीड पान आहे. अक्षर घाईचं, दोन ठिकाणी खोडलेलं, पण सगळं तिचं स्वतःचं. त्याखाली त्याच हाताने : "आता बरोबर. असेच लिहा."

ते परीक्षक कोण होते, आईला कधी कळलं नाही. ही दोन वाक्यं मात्र तिने जवळपास पन्नास वर्षं जपून ठेवली.

मी स्वतः एकवीस वर्षं एका मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक होते, रविवारचे संपर्क वर्ग घेतले, असाइनमेंटचे गठ्ठे तपासले. त्या अनुभवावरून आणि आजच्या पाकिटांवरून जे वाटतंय ते मांडते. दूरशिक्षणाचा इतिहास आपण साधनांचा म्हणून सांगतो : आधी टपाल, मग रेडिओ, मग टीव्ही, उपग्रह, इंटरनेट. मला तो परत येणाऱ्या वहीचा इतिहास वाटतो. धडा पाठवणं कोणत्याही काळात त्यामानाने सोपंच होतं. विद्यार्थ्याने लिहिलेलं कुणी वाचलं का, वाचून काही कळवलं का, हा खरा प्रश्न.

सुरुवातीपासून बघा. १७२८ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रात केलेब फिलिप्स नावाच्या शिक्षकाने जाहिरात दिली की लघुलिपीचे धडे दर आठवड्याला बाहेरगावी पाठवीन. धडे पाठवण्याची तयारी आहे, पण विद्यार्थ्याने केलेलं तपासून देण्याचा शब्द नाही. १८४० मध्ये इंग्लंडात पेनी पोस्ट आलं. एका पेनीत पत्र देशात कुठेही जाऊ लागलं, आणि पैसे घेणाऱ्याऐवजी पाठवणाऱ्याने भरायचे. त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारे त्या लिपीत लिहून पाठवत, पिटमन चुका दुरुस्त करून ते परत पाठवत. जाणं-येणं दोन्ही स्वस्त झालं म्हणून हे जमलं. माझ्या मते दूरशिक्षण सुरू झालं ते इथे, १७२८ ला नव्हे.

१८५८ पासून लंडन विद्यापीठाने बाहेरच्या विद्यार्थ्यांना पदवी परीक्षा खुली केली. कुठेही शिका, परीक्षा आमच्याकडे द्या. मोठंच दार उघडलं, पण शिकवण्याची जबाबदारी त्यांनी घेतली नव्हती. मला जवळची वाटते ती बॉस्टनची ॲना टिकनर. १८७३ मध्ये तिने घरी बसून शिकणाऱ्या बायकांसाठी संस्था काढली. शिकवणाऱ्याही बायकाच. दर महिन्याला पत्र जायचं, उत्तर यायचं, त्यावर पुन्हा पत्र. चोवीस वर्षांत सात हजारांवर बायका त्यातून शिकल्या. त्यांच्याही कपाटांतून अशी पाकिटं निघाली असतील.

आपल्याकडे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीच्या शिफारशीनंतर १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मग इतर विद्यापीठांनी. आईपर्यंत ते पोचायला बारा वर्षं लागली.

तुमच्या घरात कुणी असं शिकलंय का? वही परत आली का? लिहा.

---

कोठीरोड, रविवार, रात्री ११.४०

ताई, बडोद्याचा विषय काढलात आणि सयाजीराव महाराजांचं नाव आलं नाही, म्हणून लगेच लिहितो.

बडोदा संस्थानातल्या अमरेलीत १८९३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. पण चौथी झालेला मुलगा गावात वाचणार काय? पुस्तकंच नसतील तर दोन वर्षांत अक्षरं विसरणार. म्हणून १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं खातंच उभं केलं. स्वतःच्या संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. त्या इमारतीतल्या मांडण्यांमधली जाड काचेची जमीन ज्यांनी पाहिली आहे ते विसरणार नाहीत. खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून ती काच.

फिरतं वाचनालय हा त्या खात्याचा एक विभाग. लाकडी पेटीत पुस्तकं भरून गावाला पाठवायची, वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खेड्यात मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचे फुकट खेळ दाखवणारी वेगळी शाखा होती. विद्यापीठाचं नाव नव्हतं, पदवी नव्हती, पण हेही दूरशिक्षणच.

माझे आजोबा त्या खात्यात कारकून होते. ते सांगायचे, परत आलेली पेटी उघडली की ते आधी पानं चाळायचे. काही पुस्तकांच्या कडांना हळदीची बोटं असायची. मग ते साहेबांना सांगायचे, त्या गावाला पुन्हा पाठवा, तिथे बायका वाचतायत.

---

दांडियाबाजारची, सोमवार, सकाळी ६.५०

काका, हळदीची बोटं वाचून सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आलं. हा प्रतिसादच की. एक अक्षर न लिहिता त्या बायकांनी उत्तर पाठवलं, आणि आजोबांना ते वाचता आलं.

---

चरोतरचा_मराठी, सोमवार, दुपारी १.२०

माझं लहानपण नडियादजवळच्या गावात गेलं, वडील तिथे शिक्षक. ताईंचं म्हणणं पटतं, पण पूर्ण नाही.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, एक वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला मिळाला होता. सहा राज्यांतली २४०० गावं, गावात एक टीव्ही, वर कोंबड्यांच्या जाळीसारख्या तारेची दहा फुटी छत्री. प्रकल्पाचे व्यवस्थापक एकनाथ चिटणीस, आपले कोल्हापूरचे. स्वप्न विक्रम साराभाईंचं, पण ते बघायला ते राहिले नव्हते. सकाळी मुलांसाठी विज्ञान, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य. वर्षभरात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही त्यातून मिळालं. या २४०० गावांतून कुणाची वही जात नव्हती की येत नव्हती. तरी ज्या मुलाने पहिल्यांदा हृदयाचं चित्र हलताना पाहिलं तो काही शिकलाच नाही, असं म्हणता येईल?

आमच्या खेडा जिल्ह्याची गोष्ट थोडी वेगळी. पीज गावात एक किलोवॅटचा लहानसा ट्रान्समीटर होता आणि कार्यक्रम अहमदाबादच्या अंतराळ केंद्रात व्हायचे. ते बनवणारे लोक आधी गावात येऊन बसायचे. कुणाची जमीन गहाण आहे, मजुरी किती मिळते, सून कुणापुढे बोलू शकत नाही, हे सगळं विचारून घ्यायचे. मग त्यावर चरोतरी बोलीत नाटिका. आम्ही दूध मंडळीच्या, म्हणजे सहकारी डेअरीच्या, ओट्यावर बसून बघायचो. एकदा मजुरीवरची मालिका लागली तेव्हा पुढे बसलेले दोन मोठे शेतकरी उठून गेले आणि मागे उभे असलेले मजूर पुढे येऊन बसले. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. ती जागांची अदलाबदल अजून डोळ्यापुढे आहे. या प्रकल्पाला १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

---

दांडियाबाजारची, सोमवार, दुपारी ४.०५

दादा, हृदयाच्या चित्राबद्दल तुमचं म्हणणं मान्य. बघूनही माणूस शिकतो. पण पीजचं तुम्ही जे सांगितलंत ते माझ्याच बाजूचं नाही का? आधी विचारलं, मग दाखवलं, म्हणून मजूर पुढे आले.

---

दाहोद_लाइन, सोमवार, रात्री ९.३०

पीजच्या पुढचं पाऊल झाबुआ. मी नोकरीनिमित्त सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या झाबुआत पाच वर्षं काढली, त्यामुळे हे जवळून पाहिलं आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रोने तिथे विकास संवाद प्रकल्प सुरू केला. दीडशे गावांत उपग्रहाचे कार्यक्रम थेट घेणारे टीव्ही आणि बारा ठिकाणी उलट बोलायची सोय. अहमदाबादच्या स्टुडिओत बसलेल्या माणसाला झाबुआच्या ब्लॉकमधून प्रश्न विचारता यायचा. भिल्ल समाजातल्या सुईणी, हातपंप दुरुस्त करणारे, पंचायतीच्या बायका यांची प्रशिक्षणं त्यावर झाली.

पहिल्या दिवशी कुणी बोलेना. रिसीव्हर हातात घेऊन एक बाई नुसती उभी राहिली. समोर पडद्यावरच्या डॉक्टरीणबाई थांबल्या, म्हणाल्या, "घाई नाही, मी इथेच आहे." तिसऱ्या दिवशी त्याच बाईने नाळ कापण्याबद्दल असा प्रश्न विचारला की डॉक्टरीणबाईंना उत्तरासाठी कागद-पेन घ्यावं लागलं.

पुढे २० सप्टेंबर २००४ ला एज्युसॅट गेला, खास शिक्षणासाठीचा उपग्रह, २०१० पर्यंत चालला. पण छत्र्या बसवणं एक आणि त्या वर्गात रोज कुणी बसणं दुसरं.

---

कलाभवन_मेकॅनिकल, सोमवार, रात्री ११.५५

मी इथे सर्वांत लहान असेन, त्यामुळे सांभाळून लिहितो. कलाभवनला, म्हणजे बडोद्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना थर्मोडायनॅमिक्स माझ्या डोक्यावरून जात होतं. वर्गात हात वर करायची हिंमत नव्हती, कारण बारावीपर्यंत मराठी-गुजराती आणि इथे सगळं इंग्रजी. मला तारलं एनपीटीईएलने. सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून सुरू केलेले हे व्हिडिओ. एन्ट्रॉपीचा एक तास मी सहा वेळा पाहिला. वर्गातल्या सरांना मी "सर, सहाव्यांदा सांगा" म्हणू शकलो नसतो. काकू, मला वही परत नको होती. मला मागे जाणारं बटण हवं होतं.

२०११ च्या शरदात स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रून आणि पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग नेटवर फुकट खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव घातलं. पुढच्याच वर्षी असे वर्ग चालवणारे कोर्सेरा आणि एडएक्स आले. आपलं सरकारी स्वयम् जुलै २०१७ मध्ये. एवढ्यांच्या वह्या कोण तपासणार? यंत्रच तपासणार. एनपीटीईएलचं बारा आठवड्यांचं प्रमाणपत्र मी केलं, त्यात असाइनमेंटला पंचवीस टक्के, त्यातल्या उत्तम आठ धरतात, आणि पंच्याहत्तर टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला. उत्तर चुकलं तर चुकलं एवढं कळतं. का चुकलं ते चर्चापानावर विचारायचं. मी विचारलं तर रात्री दोन वाजता कोइमतूरच्या एका मुलाने समीकरण लिहून दिलं. तो माझ्यासारखाच विद्यार्थी.

---

दांडियाबाजारची, मंगळवार, सकाळी ७.१०

बाळा, मागे जाणाऱ्या बटणाचं मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. आई एकेक नोट चार-चारदा वाचायची, तेही हेच असणार. तुझं म्हणणं माझ्या मांडणीत बसत नाही आणि मी ते ओढूनताणून बसवणार नाही. कोइमतूरच्या मुलाला मात्र माझा नमस्कार सांग.

---

अलकापुरी७७, मंगळवार, दुपारी १२.३०

सगळं गोड चाललंय म्हणून कडू लिहिणं भाग आहे. वही परत न येण्याचा अनुभव माझा.

दूरशिक्षणातून मी पदव्युत्तर पदवी घेतली, विद्यापीठाचं नाव सांगत नाही. दोन वर्षांत अठरा असाइनमेंट लिहिल्या. कंपनीतली शिफ्ट संपवून, रात्री, हाताने, फुलस्केपवर. एकही परत आली नाही. गुण आले ते सगळ्या विषयांत जवळजवळ सारखे. एकदा केंद्रावर चौकशीला गेलो तर कोपऱ्यात गठ्ठे होते, सुतळीसुद्धा न सोडलेले. माझं अक्षर मला वरूनच दिसलं.

आणि हे फक्त माझं नाही. अनेक संस्थांनी राज्याबाहेर केंद्रं उघडून पैसे घेतले आणि पदव्या वाटल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरीशिवाय दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांविरुद्ध निकाल दिला तेव्हा नोकरीला लागलेल्या माणसांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांतल्या कित्येकांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला होता. आमच्या पदवीकडे मुलाखतीत आजही भुवया उंचावून बघतात. ज्यांनी सुतळी सोडली नाही त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

---

दांडियाबाजारची, मंगळवार, दुपारी ३.४५

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्या केंद्रावरही मार्चअखेर गठ्ठे साचायचे. एका प्रतीमागे मिळणारे पैसे इतके कमी की काही सहकारी फक्त पानं मोजत. मी भांडले, पण थोडं. आणखी भांडायला हवं होतं. तुमच्यासारखा कुणी माझ्या गठ्ठ्यातही राहिला असेल तर त्याची मी अपराधी आहे.

---

नाशिकहून_माहेर, मंगळवार, संध्याकाळी ६.२०

माझं सासर बडोदा, माहेर नाशिक, म्हणून दुसरी बाजू. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालं, प्रा. राम ताकवले पहिले कुलगुरू. पुढे ते दिल्लीच्या इग्नूचेही, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही, कुलगुरू झाले. इग्नू १९८५ चं, पण प्रत्यक्ष वर्ग १९८७ मध्ये दोन पदविकांनी आणि ४५२८ विद्यार्थ्यांनी सुरू झाले. गुजरातचं मुक्त विद्यापीठ अहमदाबादला १९९४ मध्ये आलं.

नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद "ज्ञानगंगा घरोघरी". माझ्या मावशीच्या घरी ती खरंच आली. मावशी शाळा सोडलेली, द्राक्षबागेत मजुरांवर देखरेख करणारी. बारावी नसतानाही पूर्वतयारी शिक्षणक्रम करून तिला बी.ए.ला जाता आलं. पुस्तकं अशी लिहिलेली की समोर बसून कुणी बोलतंय. तिची असाइनमेंट तपासणाऱ्या बाई संपर्क वर्गाच्या रविवारी तिला बाजूला घेऊन शुद्धलेखन सांगायच्या. अलकापुरी७७ दादांचं दुःख खरं आहे, पण त्यामुळे मावशीची पदवी खोटी ठरू नये.

---

मराठी_शाळा, मंगळवार, रात्री १०.५०

मी बडोद्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. २०२० मध्ये आम्हाला ऑनलाइन शिकवा म्हणून सांगितलं गेलं तेव्हा माझ्या वर्गात एकतीस मुलं होती आणि दिवसा घरी फोन असलेली नऊ. बाकीच्यांचे फोन वडिलांबरोबर कामावर. दूरदर्शन गिरनारवर शाळेचे पाठ लागायचे, पण ते गुजरातीत.

मुलं वहीचा फोटो पाठवायची, रात्री नऊनंतर, वडील घरी आले की. मी स्क्रीनवर बोटाने लाल रेघ ओढून परत पाठवायचे. एका मुलीने तीन दिवस फोटोच पाठवला नाही. चौथ्या दिवशी आईच्या फोनवरून आवाज आला, "बाई, तुम्ही माझ्या वहीवर खऱ्या पेनाने बरोबर करून द्या ना." पुढे शेरी शिक्षण सुरू झालं, म्हणजे आम्हीच गल्लीत, ओट्यावर जाऊन शिकवायचं. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी मी तिची वही मागितली. पाच महिन्यांची पानं होती. मी उभ्याउभ्या सगळ्या पानांवर सह्या केल्या.

---

वाडी_संगीता, बुधवार, दुपारी २.१५

नमस्कार. मी इथे नेहमी फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहिते. वय त्रेचाळीस, दहावी पास, वाडीत घरगुती फराळाचं दुकान. मुलगी कॉलेजला गेली तेव्हापासून मनात आहे. आता या वयात बारावी होते का? परीक्षेची भीती वाटते. निबंध लिहून पंचवीस वर्षं झाली.

---

दांडियाबाजारची, बुधवार, दुपारी २.४०

संगीताताई, होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, यासाठीच आहे. १९७९ मध्ये सीबीएसईचा प्रकल्प म्हणून सुरुवात, १९८९ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालय, आताचं नाव २००२ चं. वयाची वरची मर्यादा नाही. एकदा नाव घातलं की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषयही देता येतो. दिवाळीच्या हंगामात दुकान बघा, उन्हाळ्यात एक-दोन विषय द्या. त्यांच्या संकेतस्थळावर अभ्यासकेंद्रांची यादी आहे, तिथे जाऊन कोणत्या विषयाची पुस्तकं कोणत्या भाषेत मिळतात ते आधी विचारा, मगच विषय निवडा. असाइनमेंटला तिथे टीएमए म्हणतात, त्यालाही गुण आहेत, ते सोडू नका.

आणि निबंधाचं मनावर घेऊ नका. आजच एक लिहा. विषय देते : दुकानाचा पहिला दिवस. हाताने लिहा, फोटो काढून मला निरोपात पाठवा. छापून घेऊन लाल पेनाने तपासते आणि परत पाठवते.

---

वाडी_संगीता, गुरुवार, रात्री ११.३०

पाठवला ताई. साडेतीन पानं झाली. शेवटच्या पानावर तेलाचा डाग आहे, चकल्या तळत होते.

---

दांडियाबाजारची, शुक्रवार, सकाळी ६.३०

मिळाला. दुसरा परिच्छेद पुन्हा लिहा, तिथे घाई झालीय. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं ते राहिलंय.